टिपणीसकाकूंचा स्क्रूड्रायव्हर

पहिल्याच भेटीत टिपणीसकाकूंनी माझ्या खांद्यावरच्या स्की काढून घेतल्या, जिन्यातच बसकण मारली आणि त्यांना स्क्रूड्रायव्हर लावला. माझं नाव त्यांनी नंतर विचारलं.

ही २००५-०६ सालची, ग्लासगोतली गोष्ट. मी नागपूरहून एका बँकेच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आलो होतो. ऑफिसातली मंडळी दर गुरुवारी संध्याकाळी शहराबाहेरच्या ड्राय स्लोपवर जायची. ड्राय स्लोप म्हणजे बर्फाऐवजी प्लास्टिकच्या ब्रशांनी मढवलेली टेकडी. तिच्या एका कडेला ‘पार्क’ होतं. तिथे लोखंडी रेलवरून घसरायचं, उंचवट्यावरून उडी मारायची आणि बहुतेक वेळा कोपरं सोलून घरी यायचं. साधं घसरता येऊ लागल्यावर मलाही पार्कचं वेड लागलं. दोन्ही टोकं वर वळलेल्या जुन्या स्की विकत घेऊन मी ऐटीत जिना चढत होतो, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. दारात पन्नाशी उलटलेल्या, नर्सच्या युनिफॉर्मवर कार्डिगन घातलेल्या बाई.

“पार्कसाठी का?” त्यांनी सरळ मराठीत विचारलं. माझ्या दारावरची आडनावाची पाटी त्यांनी आधीच वाचली असावी.

मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि बाइंडिंगच्या खिडकीतला आकडा वाचला. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड. स्क्रू फिरवून तिचा आकडा कमीजास्त करता येतो. आकडा लहान असला, तर पडताना बूट चटकन सुटतो. मोठा असला, तर सुटत नाही, आणि मग स्कीबरोबर पायही पिळला जातो.

“नऊ,” काकू म्हणाल्या. “हे कोणी पिळलंय?”

“आधीच्या मालकानं.”

“आणि गुडघा? तोही आधीच्या मालकाचाच वापरणार आहेस?”

मग त्या घरातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता घेऊन आल्या. वय, उंची, वजन, बुटाच्या तळाची लांबी असं सगळं मला जिन्यात उभं करून विचारलं आणि आकडा साडेपाचावर आणला. परवानगी वगैरे मागण्याचा प्रश्नच नव्हता. मला मनस्वी राग आला. पण परक्या देशात पहिल्या भेटलेल्या मराठी बाईशी भांडायचं कसं, म्हणून स्की उचलून घरात शिरलो.

काकू एका हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये वीस वर्षं काम करत होत्या. स्वतः त्या आयुष्यात कधी स्कीवर उभ्या राहिल्या नव्हत्या. पण हिवाळा आला की मोडलेल्या पायांची रांग त्यांच्यापुढे लागायची, आणि प्रत्येक पायामागे त्यांना एक बेफिकीर स्क्रूड्रायव्हर दिसायचा. “पडले म्हणतात. पडले नाहीत, बांधलेले होते,” असं त्या दात आवळून सांगायच्या. स्की घेतलेला कोणीही दिसला, की त्यांना राहवायचं नाही. एकदा बसस्टॉपवर त्यांनी एका धिप्पाड तरुणाला गाठून इंग्रजीत विचारलं, “तुझा नंबर काय?” तो बिचारा लाजला आणि म्हणाला, माझी गर्लफ्रेंड आहे. काकूंना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. “गर्लफ्रेंड आहे तर तिच्यासाठी तरी कमी कर,” म्हणाल्या.

गुरुवारी मी स्लोपवर गेलो. पहिल्याच उडीनंतर पाय टेकतात न टेकतात तोच डावी स्की सुटली आणि एकटीच खाली गेली. मी तिच्यामागून पोटावर. सगळं ऑफिस बघत होतं. दुसऱ्या वेळी उजवी सुटली. स्की भाड्यानं देण्याच्या काउंटरवर ग्रेग नावाचा एक वयस्क माणूस असायचा. त्यानं आकडा पाहिला आणि मान हलवली. “पार्कचं वेगळं असतं. नवावर ने,” म्हणाला.

मी घरी येऊन काकूंचं दार वाजवलं, सोललेली हनुवटी दाखवली आणि ग्रेगचा सल्लाही सांगितला. मला वाटलं, निदान वाईट वाटेल.

“नवावर नेलंस?”

“नाही अजून.”

“मग हनुवटीवरच निभावलं. ती आठ दिवसांत भरेल.” दार बंद.

मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही बहुतेक. सोमवारी त्या आपणहून आल्या, एक बूट मागितला, तो स्कीवर चढवला आणि टाचेमागचा भाग निरखून पाहिला.

“हे बघ. बाइंडिंगची ही टाच त्या आधीच्या माणसाच्या बुटाच्या मापाला लावलेली आहे. त्याचा पाय तुझ्याहून मोठा. मागून दाबच नाही, तर बूट राहील कसा? म्हणून सुटतेय. आणि तो मूर्ख सांगतोय नऊ कर.”

“टाचेचं हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“चौकशी केली.”

पुढच्या गुरुवारी त्या माझ्याबरोबर स्लोपवर आल्या. हातात पर्स, पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर. ग्रेग त्यांना म्हणाला, “हेन, पार्कमध्ये पोरांना स्की पायात राहायला हवी असते.” ग्लासगोत बायकांना लाडानं ‘हेन’ म्हणतात. काकू माझ्याकडे वळल्या. “वीस वर्षं या गावात प्लास्टर घालतेय, अजून मला कोंबडी म्हणतात.” मग त्यांनी ग्रेगला स्कॉटिश धाटणीच्या इंग्रजीत असं काही झापलं, की मागची रांग माना उंचावून ऐकू लागली. स्की पायात राहायला हवी हे मान्य, पण त्यासाठी आधी टाच नीट लाव, मग आकड्याचं बोल. न मोजता आकडा सांगणारा तू कोण? तुझ्या काउंटरवरून किती जण माझ्या टेबलावर येतात, ते येऊन बघ एकदा.

ग्रेगनं मुकाट्यानं टाच पुढे सरकवली आणि बूट मशीनवर तपासला. मग दोघांत घासाघीस झाली. साडेसहा ठरले. “त्यापुढे एक रेघ नाही,” काकूंनी मला बजावलं.

त्यानंतर स्की पायात राहू लागल्या. आणि मार्चमध्ये एका रेलवरून उतरताना माझी उजवी स्की ब्रशात अडकली. शरीर एकीकडे वळलं, पाय दुसरीकडे. गुडघ्यात कळ आली, त्याच क्षणी खट् आवाज झाला आणि बूट सुटला. मी उठून उभा राहिलो. चालता येत होतं. 

रविवारी दुपारी मी काकूंचे आभार मानायला गेलो. दार उघडंच होतं. त्या टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात तो तक्ता, फोन स्पीकरवर.

“आई, मी नंबर सहा ठेवली आहे. चालेल?” एका मुलीचा आवाज. मराठी जरा अडखळत.

“वजन किती आता?”

“फिफ्टी-फोर.”

“नक्की? नीट सांग, अर्ध्या किलोनं फरक पडतो.”

“नक्की. बाय, आई.”

फोन बंद झाला. काकूंनी मला बसायला सांगितलं. “केतकी,” त्या म्हणाल्या. “कॅनडात असते. मेडिकल अर्धवट सोडून स्कीवर उड्या मारायला गेली. मी नको ते बोलले, तिनं दोन वर्षं फोन केला नाही. मग मी हे सगळं वाचून काढलं आणि तिला बाइंडिंगबद्दल पत्र लिहिलं. त्यावर फोन आला. आता दर रविवारी येतो. बाकी काही विचारलं, की ठेवून देते.”

त्यांनी तक्त्यावरच्या वजनाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“डिसेंबरात एकावन्न होती. म्हणजे जेवतेय.”

मी गुडघ्याची हकीकत सांगितली. त्यांनी माझा पाय दाबून पाहिला, वाकवून पाहिला, ठीक आहे म्हणाल्या. चहा केला. कप माझ्यापुढे ठेवून समोर बसल्या आणि जरा दबकत म्हणाल्या,

“अभय, हवेत असताना काय वाटतं रे? तिला विचारता येत नाही. तिला वाटतं, मी पुन्हा रागवायला लागले.”

“काकू, मी फार वर जात नाही. फूट-दीड फूट.”

“तेवढ्यातलं सांग.”

मी सांगू लागलो. काकूंनी मला एकदाही मध्ये तोडलं नाही.