पाटणकरांची पन्नास राज्यं

पाटणकरांच्या फॉर्ममध्ये मी 'डिझाइन केलं' असं लिहायला हवं होतं. मी 'मदत केली' असं लिहिलं. चुकून नाही, चांगला दोन दिवस विचार करून. पण ते समजायला आधी पाटणकर माहीत हवेत.

"तुम्ही इंजिनिअर ना?" असं कुणी विचारलं, की पाटणकर चष्मा वर सरकवून उलट विचारतात, "कुठल्या राज्यात?" समोरचा गोंधळून महाराष्ट्र म्हणतो. पाटणकरांच्या मनात अमेरिका असते. मूळचे सांगलीचे, वीस वर्षं सिंगापुरात, चोआ चू कांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे. अमेरिकेत पाऊलही ठेवलेलं नाही, पण तिथल्या पन्नास राज्यांत इंजिनिअरचं लायसन्स कसं मिळतं ते तोंडपाठ. कुठे आधी अनुभव, मग परीक्षा, कुठे उलटं, कुठे भूकंपाचा जादा पेपर.

"तुळई तीच, भार तोच," ते म्हणतात. "राज्याची हद्द ओलांडली की इंजिनिअर मात्र अडाणी."

अलास्काला बर्फाळ प्रदेशातल्या बांधकामाचा कोर्स लागतो. पाटणकरांनी तो हौसेने ऑनलाइन केला. एका रविवारी आमच्याकडे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला असताना, ते मला गोठलेल्या जमिनीत पाया कसा घालायचा ते समजावत होते. माझा मुलगा त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, हिअर नो स्नो लाह." पाटणकर गंभीरपणे म्हणाले, "बाळा, नियमाला हवामान नसतं."

माझ्या बायकोला हे सगळं वेड वाटे. पण क्लेमेंटीला खोली घेऊन राहणारी आमच्या ऑफिसमधली पोरं अमेरिकन लायसन्ससाठी त्यांच्याकडे रांग लावत. कुणाचं कॉलेज मान्य नाही, कुणाचा अनुभव अर्धवट. पाटणकर स्थळ शोधावं तसं प्रत्येकाला राज्य शोधून देत. मी त्यांचा वरिष्ठ, वयाने दहा वर्षांनी लहान. माझंही राज्य त्यांनीच शोधलं, फॉर्म त्यांनीच तपासला. मी पास झालो तेव्हा पेढे मी वाटायच्या आधी ते घेऊन आले.

त्यांचं स्वतःचं गाडं पदवीवर अडलं होतं. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत पत्राद्वारे घेतलेली पदवी. बहुतेक राज्यं ती धरत नाहीत. एक राज्य धरतं, पण त्याला पुष्कळ वर्षांचा अनुभव लागतो आणि तो लायसन्स असलेल्या वरिष्ठानेच लिहून द्यावा लागतो. आमच्या ऑफिसात तसा कुणी नव्हता. मी पास झालो आणि झाला.

लग्नाची पत्रिका द्यावी तसा दोन्ही हातांनी त्यांनी मला फॉर्म दिला. "घाई नाही, साहेब. एका तरी सरकारने म्हणावं, हा माणूस इंजिनिअर आहे. एवढंच."

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नोव्हेना भागातल्या एका दवाखान्याच्या तळघराची भिंत. शेजारी जुनी इमारत, मातीत पाणी. त्या भिंतीचं एकूण एक गणित पाटणकरांचं. नकाशांवर नाव माझं होतं, ऑफिसच्या वार्षिक सभेत टाळ्याही मीच घेतल्या होत्या. फॉर्म अमेरिकेला जाणार होता, इथे तो कुणी वाचणार नव्हतं. तरीही 'डिझाइन पाटणकरांनी केलं' असं लिहायला माझा हात धजला नाही. भिंत त्यांची, तर मी कोण, हे मला स्वतःलाच वाचायचं नव्हतं.

त्या राज्याच्या लायसन्स बोर्डाने अर्ज फेटाळला. "अनुभव कमी भरला," पाटणकर एवढंच म्हणाले. फॉर्म मी बंद पाकिटातून परस्पर पाठवला होता. त्यांना कळलं नसणार, असं मी धरून चाललो. रविवारी ते येत राहिले.

यंदा त्यांची नोकरी संपली, नोकरीबरोबर इथे राहण्याचा पासही. सांगलीला परत जायचं ठरलं. शनिवारी सकाळी मी सामान बांधायला गेलो. कपाटात एका फाइलवर माझं नाव दिसलं. उघडली. वर बोर्डाचं पत्र. 'आपल्या वरिष्ठांच्या म्हणण्यानुसार आपण केवळ मदतनीस होता' या ओळीखाली पेन्सिलची बारीक रेघ.

त्याखाली त्यांच्या अक्षरातले कागद, सगळे त्या पत्रानंतरच्या तारखांचे. लायसन्स टिकवायला माझ्या राज्यात प्रशिक्षणाचे किती तास लागतात, माझे किती झाले, पुढची मुदत कधी. दर वर्षी मुदतीआधी मला आठवण करून द्यायला त्यांचा फोन यायचा, तो या कागदांवरून.

पाटणकर मागे येऊन उभे राहिले. फाइल त्यांनी ओळखली, पण नजर खोक्यावरच्या चिकटपट्टीवर ठेवली. "यंदाचे तुमचे तीन तास राहिलेत, साहेब. सांगलीहून मला आठवण राहील की नाही, म्हणून वेगळं लिहून ठेवलंय."

मी फाइल मिटली. चार वर्षं मनात घोळवलेली लांबलचक वाक्यं बाजूला ठेवली.

"पाटणकर," मी म्हणालो, "भिंत तुमची होती. मी खोटं लिहिलं, मुद्दाम लिहिलं. मला माफ करा."