दोन बार आणि वर एक

कैलपोळ्दच्या, म्हणजे कोडगूतल्या शस्त्रपूजेच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बिद्दप्पा अज्जांनी देवघरातून दुनळी बंदूक काढली, तिच्या नळीवरचं पूजेचं फूल बाजूला ठेवलं आणि नातवाच्या तळहातावर मोजून एक काडतूस ठेवलं.

"अज्जा, नळ्या दोन आहेत," पूवय्या म्हणाला.

"मला सांगतोस? माझ्या बापाची बंदूक आहे. एकच भरायचं."

"आणि नेम चुकला, डुक्कर अंगावर आलं, तर?"

"तर झाडावर चढायचं. कचेरीत बसून बसून तेवढंही विसरलास?"

अज्जांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. एक बार झाला की कुणाकडे तरी मुलगा झाला आणि लागोपाठ दोन झाले की कुणीतरी गेलं, हे कोडगूत पाळण्यातल्या पोरालाही कळतं. म्हणून तिथला शिकारी हातचं डुक्कर जाऊ देईल, पण पाठोपाठ दुसरा बार काढणार नाही. पूवय्यालाही हे ठाऊक होतं. पण मडिकेरीच्या कचेरीत त्याने आजवर फक्त फायली मारल्या होत्या आणि रानडुकराचे सुळे त्याला रात्रभर दिसत होते. अज्जांची पाठ वळताच त्याने डब्यातून आणखी एक काडतूस उचललं.

या बंदुकीने घरात आधीच एक घोटाळा करून ठेवला होता. अज्जांचे वडील गेले तेव्हा बंदूक एक आणि मुलगे दोन. थोरला म्हणून ती बिद्दप्पांकडे आली. नेम मात्र धाकट्या उतय्याचा. तो तणतणत उठला, ओढ्यापलीकडे घर बांधून राहिला, आणि एकोणीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. "त्याच्या अंगणात पाय ठेवीन तर तो मेल्यावरच," असं दोघांनीही जाहीर केलं होतं. एवढं एकमत त्यांचं दुसऱ्या कशावरही नव्हतं. तरी रोज सकाळी कॉफी घेताना अज्जा ओढ्यापलीकडच्या चुलीचा धूर बघायचे, "आहे अजून," असं पुटपुटायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे.

पूवय्या ओढ्याकाठच्या कॉफीच्या झुडपांत जेमतेम बसला आणि समोरून डुकराने नाक बाहेर काढलं. त्याने डोळे मिटून चाप ओढला. दस्ता खांद्यावर असा आदळला, की बोट घसरून थेट दुसऱ्या चापावर गेलं. डुकराने दोन्ही बार शांतपणे ऐकून घेतले आणि ते आपल्या वाटेने गेलं. पूवय्या उताणा पडला होता. आपण काय करून बसलो हे त्याला पडल्या पडल्याच कळलं आणि उठावंसंच वाटेना.

ओसरीवर अज्जांच्या हातून कप पडला. दोन बार! पूवय्याकडे तर एकच काडतूस. त्यांनी ओढ्यापलीकडे पाहिलं. धूर नव्हता.

"देचम्मा!" त्यांनी सुनेला हाक मारली. "पांढरं कापड काढ. उतय्या गेला."

"अहो मामंजी, आधी नीट चौकशी तरी..."

"एकोणीस वर्षं चौकशीच केली नाही, आता कसली करतेस!"

पलीकडे चूल अजून पेटायचीच होती, तेवढ्यात उतय्यांनी तेच दोन बार ऐकले आणि ते मटकन पायरीवर बसले. डावी नळी किंचित घोगरी. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. "बापाची बंदूक," ते बायकोला म्हणाले. "तिकडचाच बार. अण्णा गेला गं." जन्माचा हट्टी माणूस पोरासारखा रडत, पांढरे कपडे घालून, मयतावर घालायचं कापड घेऊन निघाला.

ओढ्यावर एकच ओंडका टाकलेला होता. झुडपातून पूवय्याने पाहिलं, तर इकडून पांढऱ्या कपड्यात डोळे पुसत अज्जा आणि तिकडून पांढऱ्या कपड्यात नाक पुसत धाकटे अज्जा. ओंडक्याच्या मधोमध दोघांनी मान वर केली.

दोघंही आ वासून नुसते बघत राहिले.

"तू... मेलास ना?" अज्जांनी विचारलं.

"मी कशाला मरू? तू मेलायस!"

"असं कोण म्हणालं?"

"बंदूक म्हणाली!"

अज्जांनी भावाच्या हातातल्या कापडाकडे पाहिलं. "हे माझ्यासाठी?"

"मग काय! चांगलं जाड आणलंय." उतय्यांनी त्याच कापडाने नाक पुसलं. "अण्णा, माझे पायच गेले रे."

"माझ्या हातून कप पडला," अज्जा म्हणाले आणि त्यांनी त्याला घट्ट धरलं. ओंडका डगमगला, म्हणून दोघं तसेच धरून काठावर आले. तिथे झुडपातून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्यामागे पूवय्या.

"दुसरं काडतूस कुठून आणलंस?" अज्जांनी विचारलं. डब्यातून, असं पूवय्या पुटपुटला. अज्जांनी त्याच्या हातातून बंदूक घेतली आणि भावाच्या हातात दिली. "घे. मी गेलो की माझे दोन बार हिनेच काढ. नेम तुझा आहे."

उतय्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. मोठ्या भावाच्या मानवंदनेसाठी आणलेली दोन काडतुसं त्यांच्या खिशात होती. एकोणीस वर्षांची हाव, आणि आनंदही आवरेना. त्यांनी एक भरलं, नळी आभाळाकडे केली आणि बार काढला.

आवाज डोंगरातून फिरून परत आला तेव्हा तिघांच्याही लक्षात आलं. एक बार!

"धाकटे अज्जा," पूवय्या कुजबुजला, "आता मुलगा झाला."

"कुणाला? तुझं तर लग्न झालेलं नाही!"

"आणि तुमची बायको सत्तरीची आहे!"

तेवढ्यात खालच्या वाटेने शेजारचा माचय्या धापा टाकत वर आला. मागे सगळं गाव, पांढऱ्या कपड्यांत. अर्ध्या वाटेत तिसरा बार ऐकून बायकांनी रडणं थांबवलं होतं, पण हसावं की काय ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

"गेलं कोण?" माचय्याने विचारलं.

"कुणी नाही," अज्जा म्हणाले.

"मग झालं कुणाला?"

अज्जांनी उतय्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला," ते म्हणाले. "भाऊ झाला."