गजभिये मास्तर हात हुंगतात

गजभिये मास्तरांना नमस्कार करायची सोय नव्हती. तुम्ही हात जोडले की ते जोडलेलेच हात धरायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून हुंगायचे. साबणाचा वास आला तर, "बसा." नाही आला तर, "असे हात घेऊन लग्नाले आले का गा तुमी?" हे मी खरोखरच एका लग्नात ऐकलं आहे, आणि ज्याला ऐकवलं तो नवऱ्या मुलाचा मामा होता.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं प्रताप नगरच्या कडेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचो. मास्तर पन्नाशीचे, मी नुकताच नोकरीला लागलेला. ते रोज कामठीहून सायकल मारत यायचे आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. उशिरा येणारा मी, शाळेपासून चार घरं सोडून राहायचो.

हुंगण्याचं हे वेड मात्र जुनं नव्हतं. त्या पावसाळ्यात वस्तीत हैजा आला, दोन घरांतली माणसं गेली आणि शाळा सव्वा महिना बंद राहिली. पुन्हा उघडली तेव्हा मास्तरांच्या बेचाळीसच्या वर्गात नऊ पोरं आली. आया दारातूनच सांगायच्या, "तुमच्या टाकीतलं पानी पाजाले पाठवू का लेकराले?" त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या टाकीत एक बेडूक राहायचा आणि आम्ही सगळे त्याला ओळखून होतो.

मास्तरांनी टाकी बंद केली. झाकणाचा ड्रम आणला, पाणी उकळायला मागे चूल मांडली आणि साबणाची वडी स्वतःच्या जुन्या मोज्यात घालून अंगणातल्या कडुनिंबाला टांगली. पोरांनी घरून आपापला गिलास आणायचा. हात धुवायचे, मास्तरांना हुंगायला द्यायचे, मग लांब दांड्याच्या ओगराळ्याने आपलं पाणी आपण काढून घ्यायचं. ओगराळं गिलासाला टेकलं की रांगेत परत शेवटी. "आधी वास, मंग पानी." हे झालं की शाळा सुटल्यावर घरोघर फिरायचे आणि आयांना सांगायचे, "पानी पाहाले या. पाहा बी, प्या बी." आया आल्या, पाणी प्यायल्या, स्वतःचे हात हुंगवून घेतले, आणि महिनाभरात पोरं तीसच्या वर गेली.

स्वतः मास्तर मात्र ओंजळीने प्यायचे. ड्रममधून ओगराळंभर पाणी काढायचे, डाव्या हाताने वरून धार धरायची आणि उजव्या हाताच्या पसाभर खळग्यातून घोट घ्यायचे. "मास्तर, तुमचा गिलास कुठाय?" असं आम्ही चिडवायचो. ते नुसते हसायचे.

एवढं सगळं छान होतं, पण पाणी पिऊन होईस्तोवर पाऊण तास जायचा आणि त्या रांगेत माझा गणिताचा तास दररोज बुडायचा. त्यात आरोग्य खात्याचं पत्रक आलं: मुलांनी पाण्याला हात लावू नये, एका माणसाने वरून ओतावं. मुख्याध्यापकांनी ते मास्तरांना दोनदा वाचून दाखवलं. मास्तर दोन्ही वेळा "बरं" म्हणाले आणि आपलंच चालू ठेवलं. तपासणीला साहेब येणार होते, आणि शाळा उघडी ठेवायची की परत कुलूप लावायचं ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

नेमकी त्याच सकाळी मास्तरांची सायकल वाटेत पंक्चर झाली. मी म्हटलं, हीच संधी आहे. पोरांना ओळीने बसवलं, ओंजळी पुढे करायला लावल्या आणि ओगराळ्याने वरून धार सोडत निघालो. दहा मिनिटांत निम्मी ओळ संपली. साहेब मान डोलवत होते आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. तेवढ्यात मास्तर आले.

ते ओरडले नाहीत. सायकल होती तिथेच पडू दिली आणि माझ्या हातून ओगराळं काढून घेतलं. समोर ओंजळ धरून बसलेल्या पोरीला म्हणाले, "उभी राय वं. गिलास कुठं हाय तुहा?"

"मास्तर, वरून ओतायचा आदेश आहे," साहेब म्हणाले.

"मालूम हाय साहेब. पन इथं वरून नाही."

"का बरं?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी त्या पोरीला कडुनिंबाखाली नेऊन हात धुवायला लावले आणि ते ओले हात साहेबांच्या नाकाशी धरले. "घ्या वास. आता तुमीच सांगा, या हातानं पानी बाटन का?"

'बाटणं' हा शब्द आजारपणाच्या भाषेतला नव्हता, शिवाशिवीच्या भाषेतला होता. साहेबांनी खरंच वास घेतला आणि 'व्यवस्था समाधानकारक' असं लिहायला पेन काढलं. मास्तरांनी तेवढ्यात त्यांचाही हात हुंगून घेतला. "तंबाखू हाय साहेब, साबन नाही." साहेब निमूटपणे मोज्याकडे गेले.

शाळा सुटल्यावर मी माफी मागायला गेलो. मास्तर ड्रम घासत होते.

"तुमची चूक नाही सर. वरून ओतलं का लवकर होते. मी शाळेत होतो तवा माह्यं बी लवकर होये. माठ समोर दिसे, गुरुजी वरून ओते. मानूस चांगला होता, पोट भरेस्तोवर ओते. पन माठाले हात नाही लावू दिला कधी." थोडं थांबून म्हणाले, "छप्पनमधे दीक्षा घेतली ना, त्याच हप्त्यात बाजारातून पितळेचे सहा गिलास आनले घरी."

माझाच गिलास भरून मी पुढे केला. त्यांनी मान ठेवून दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी ओंजळीत ओतून प्यायले.

"गिलासानं पेलो तं तहान गेली असं वाटतच नाही, सर. सवय लागली. या पोरायले नोको लागाले."

दुसऱ्या दिवशी मी गणिताचा तास जेवणानंतर लावून घेतला आणि गिलास घेऊन रांगेत शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा हात पुढे केले. मास्तरांनी डोळे मिटून हुंगले आणि ओगराळ्याचा दांडा माझ्याकडे वळवला.

"घ्या सर," म्हणाले, "आपल्या हातानं."