आडटेंभीची एकोणिसावी पाहणी

कृष्णकांत उपासनी यांनी चोपन्न वर्षांच्या आयुष्यात एकच अफरातफर केली, आणि तीही अवघ्या तीन शब्दांची. 'पुन्हा पाहणी आवश्यक.'

त्याचं असं झालं. उपासनी पनवेलला, मोबाइलचे टॉवर उभारणाऱ्या एका खासगी कंपनीत सर्व्हे सुपरवायझर होते. ज्या आडगावांत रेंज पोचत नाही तिथं टॉवर उभारायला सरकारनं निधी दिला होता, आणि त्यातल्या काही गावांचं काम या कंपनीकडे आलं होतं. उपासनींनी गावात जायचं, मोबाइल हातात धरून चारी दिशांना फिरायचं, रेंज नाही याची खात्री करायची आणि तसा अहवाल द्यायचा. (नसलेली गोष्ट शोधायचा पगार मिळणारी माणसं जगात फार नाहीत.)

डोंगराआडच्या आडटेंभीला ते दुसऱ्यांदा गेले तेव्हाच काम संपलं होतं. रेंज नव्हती, म्हणजे अगदी ठणठणीत नव्हती. पण अंगणवाडीच्या मालूताईंनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, जेवून उपासनी पडवीत जरा आडवे झाले, आणि उठले तेव्हा चार वाजले होते. अडीच तास! त्या अडीच तासांत त्यांचा फोन एकदाही वाजला नव्हता.

याचं अप्रूप कळायला शशिकलाबाई माहीत असायला हव्यात. उपासनींच्या पत्नी शशिकलाबाई घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेत, आणि दोन बॅचच्या मधल्या वेळात नवऱ्याला फोन करत. "गॅसवाला आला नाही." "तुम्ही माझा चष्मा नेलात का?" "नेलाच आहे, आता घालून बसू नका." दिवसाला असे दहा-अकरा फोन.

तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी उपासनींनी फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात ते तीन शब्द लिहिले. पुढच्या बुधवारी परत लिहिले. मग सवयच लागली. कारणं बदलत गेली. कधी झाडं आड येत, कधी धुकं. एकदा तर त्यांनी 'म्हशींची वर्दळ' असंही लिहिलं.

घरी मात्र आडटेंभीचं वर्णन वेगळंच होतं. "काय सांगू शशी, नुसता कडा! खायला काही मिळत नाही, वर साप!" शशिकलाबाईंचं मन द्रवे. बुधवारी त्या पहाटे उठून चार पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात देत, आणि संध्याकाळी नवऱ्याच्या पायांना कोमट तेल चोळून देत. उपासनी डोळे मिटून कण्हत. (कण्हणं चांगलं जमत होतं. दुपारची झोप झालेली असे.)

असे पाच महिने गेले. आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली.

उपासनी आंघोळीला गेले होते. शशिकलाबाईंनी दार उघडलं. दारात एक बाई, डोक्यावर पदर, हातात वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी.

"साहेब हायत का? मी मालू, आडटेंभीची. सुनेला दवाखान्यात दाखवायला आणली होती. ती खाली रिक्षात बसलीय. म्हटलं साहेबांना शेंगा देऊन जावं. हापिसातल्या वॉचमनकडून पत्ता घेतला."

"या ना, आत या. साहेब येतात तुमच्या गावाला, माहीत आहे मला. फार त्रास होतो हो त्यांना तिथं."

"तरास?" मालूताई विचारात पडल्या. "नाय बा. गाडी पार माझ्या दारात येते. आले की मोबाइल वर करून बघतात, मग जेवतात. मग पडवीत झोपतात."

"झोपतात?"

"घोरतात बी."

"ते मला माहीत आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "आणि डबा? डबा कधी खातात?"

"डबा व्हय? तो आमच्या शेरडीला घालतात. लय आवडीनं खाते बघा. बुधवार आला की वाटेकडं डोळे लावून बसते."

बाथरूममध्ये उपासनींनी नळ बंद केला. तांब्या हातात तसाच धरून ते श्वास रोखून उभे राहिले.

"एक इचारू का मॅडम?" मालूताईंचा आवाज खाली आला. "पाच महिने झाले, साहेब म्हणतात पाहणी चालू हाय. एवढं काय बघायचं ऱ्हायलंय आमच्या गावात? पोरांची वजनं मोबाइलवर भरायला मी रोज टेकडी चढते. माझं चालतंय. पण आमच्या सुनेला, समीक्षाला, सहावा महिना लागलाय. उद्या पोटात कळ आली तर गाडी बोलवायला टेकडीवर कुणी धावायचं? साहेब लय भले हायत, म्हणून तोंड उघडत नाय."

हे 'लय भले' उपासनींना अंगावर गार पाणी पडावं तसं लागलं. (पाणीही एव्हाना गार झालंच होतं.) त्या पडवीत आपण कुणाच्या जिवावर झोपत होतो, हे पाच महिन्यांत त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

मालूताई चहा पिऊन गेल्या. उपासनी टॉवेल गुंडाळून बाहेर आले. शशिकलाबाई डायनिंग टेबलाशी, जिथं दहावीची मुलं बसतात तिथं, लाल पेन घेऊन बसल्या होत्या.

"बसा. किती फेऱ्या लागतात एका गावाला?"

"दोन."

"किती झाल्या?"

"एकोणीस."

"एकोणिसातून दोन गेले?"

"सतरा."

"सतरा वेळा पाय चोळले मी! अहवाल देण्याची शेवटची तारीख कधी आहे?"

उपासनी टॉवेल सावरत पुटपुटले, "उद्या यादी वर जाते. त्यात नाव नसलं तर गाव सुटलं."

"कपडे घाला आणि लिहायला बसा."

उपासनी चार तास लिहीत होते. 'म्हशींची वर्दळ' या शब्दांवर शशिकलाबाईंनी लाल पेनानं एवढी मोठी काट मारली की कागद फाटला आणि पान पुन्हा लिहावं लागलं. समासही सोडायला लावला. जेवायला वालाच्या शेंगांची उसळ होती. उपासनींच्या पुढ्यात मात्र कोरडी भाजी आणि चार पोळ्या आल्या. त्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

सोमवारी मॅनेजर इंद्रजीत साहेबांनी अहवाल चाळला. "बरं झालं उपासनी, आडटेंभी मी आज काढूनच टाकणार होतो."

एप्रिलमध्ये टॉवर उभा राहिला. मेच्या पहिल्या आठवड्यात भरदुपारी समीक्षाला कळा सुरू झाल्या. मालूताईंनी घराच्या ओट्यावरून फोन लावला आणि पाऊण तासात गाडी दारात आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. पहिला फोन उपासनींच्याच घरी आला, पण तो शशिकलाबाईंना. उपासनींना बातमी शेजारच्यांकडून कळली. तरी ते ऑफिसात स्वतःच्या पैशांनी पेढे वाटत फिरले, आणि कुणी "काय झालं?" विचारलं की "मुलगी!" म्हणून त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवत.

इंद्रजीत साहेब त्या दिवशी फार खूश होते. त्यांनी उपासनींची फाइल पुढे ओढली. "एका गावासाठी एकोणीस फेऱ्या! असा चिवट, सोशिक माणूस उन्हातान्हात फिरवणं हा अन्याय आहे. उपासनी, उद्यापासून तुम्ही तक्रार निवारण कक्षात. एसी, खुर्ची आणि कानाला हेडफोन. नऊ ते सहा."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दोन मिनिटांनी उपासनींनी पहिला कॉल घेतला. "नमस्कार, तक्रार निवारण कक्ष. मी आपली काय मदत करू शकतो?"

"आडटेंभीचा फोन दहा मिनिटं लागत नाहीये," पलीकडून आवाज आला. "मालूताईंना बाळाच्या टोपड्याचं माप विचारायचंय. तक्रार लिहून घ्या. नाव शशिकला उपासनी. आणि अक्षर नीट काढा."

फोन पंधरा मिनिटांत लागला. पण ग्राहकाचं पूर्ण समाधान झाल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही, असा कंपनीचा नियम आहे. ती तक्रार अजून उघडीच आहे.