दोर हातात असताना

दोर हातात असला की बबनतात्या कुणाशी बोलत नसत. नाकावर माशी बसली तरी हाकलत नसत. एकदा त्यांच्या चुलतबहिणीचे यजमान लग्नाची पत्रिका द्यायला ओझरहून मोटारसायकलवर आले. मी कडुलिंबावर करवत घेऊन, आणि तात्या खाली माझा दोर धरून. पाहुण्यांनी पाऊण तास राम राम केला. आधी प्रेमाने, मग मोठ्याने, मग दातओठ खाऊन. तात्यांनी मान वळवली नाही. शेवटी पाहुणे पत्रिका एका दगडाखाली ठेवून निघून गेले. त्या घराशी तात्यांचं येणंजाणं तेव्हापासून बंद आहे.

"पावणं रुसलं तर रुसू दे," मी खाली उतरल्यावर ते म्हणाले. "तू वर व्हतास."

मी नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेत नोकरी करतो. मालकांनी लोकांची झाडं छाटून देण्याचा धंदा काढला आणि आम्हा सहा जणांना ते काम शिकायला दहा दिवसांसाठी तात्यांच्या ताब्यात दिलं. अवसरीच्या बाजूला एका माळावर कडुलिंब, चिंच, करंज अशी जुनी झाडं होती, तिथेच आमची शाळा. फळा नाही, खुर्ची नाही, आणि सावली मुबलक असून तिच्यात बसायची परवानगी नाही. माझ्याकडे शेतीची पदविका असल्याचं तात्यांना कळलं, त्या क्षणापासून माझं नाव कॉलेज.

पहिल्या सकाळी त्यांनी सगळ्यांचे फोन दुधाच्या कॅनमध्ये टाकले आणि कॅन फांदीला टांगला. "वाजला तर कॅन उचलंल," म्हणाले. त्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हताच. मग लाकडी हातोडीने एका बुंध्यावर ठोकून त्यांनी मला विचारलं, झाड भरीव की पोकळ? मी आवाज ऐकल्यासारखं केलं आणि ऐटीत सांगितलं, भरीव. तात्यांनी माझा कान सालीला लावून पाव तास उभं केलं.

"काय म्हणतंय?"

"काही नाही. मुंग्या चावतायत."

"हां. म्हंजी आत पोकळ हाय. मुंग्यांना कवाच कळलंय, कॉलेजला कळाया पाव घंटा लागला."

जड फांदी कापताना आधी खालून खाच घ्यायची, मग वरून करवत लावायची. उलट केलं की फांदी मोडताना बुंध्याची साल सोलून खाली जाते. आमच्यातल्या एकाने तसं केलं, तेव्हा तात्या स्वतःची नडगी सोलल्यासारखे कळवळले आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी एकदा दोर न बांधता दोन पुरुष उंची गाठली आणि वर बढाई मारली, की आमच्या जुन्नरचा बिबट्या कुठे दोर बांधतो? तात्या म्हणाले, "बिबट्या फांदी कापत न्हाई, राव. त्याला तेवढी अक्कल हाय. खाली ये."

कुणी घाई केली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "झाड कुठं जात न्हाई, तू जाशील." आम्ही त्याची इतकी चेष्टा केली की चहा लवकर मागणाऱ्यालाही तेच ऐकवायचो. तात्या हसत नसत. संध्याकाळी आम्ही निघायचो तेव्हा ते एकटेच दोर मांडीवर घेऊन बसलेले असत, डोळे मिटून, वीत वीत दोर बोटांतून सरकवत. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. मला ते बघवत नसे, म्हणून मी तिकडे न बघता गाडी सुरू करायचो.

दहाव्या दिवशी परीक्षा. मालकांनी राजुरीच्या अलीकडच्या एका वाडीतली शाळेजवळची चिंच पाडायचं काम घेतलं होतं, तीच आमची परीक्षा. कुठे जायचंय हे तात्यांना पिकअपमध्ये बसल्यावर कळलं. पुढे वाडी येईपर्यंत ते मांडीवरचा दोर वीत वीत सरकवत राहिले.

झाडाखाली सरपंच आणि दहा-पंधरा माणसं जमली होती. तात्यांनी बुंध्याला चारही बाजूंनी ठोकून कान लावला. "भरीव हाय," ते म्हणाले. "का पाडताय?"

"भरीव असंल, पण माणूस खाल्लंय त्यानं," सरपंच म्हणाले. "बाया पोरांना खालनं जाऊ देत न्हाईत. तुमाला काय सांगायचं, तात्या? शिवराम पडला तवा तुमीच व्हता की संगं. फांदीनं दगा दिला, हे तुमच्याच तोंडनं ऐकलंय आमी."

शिवराम हा तात्यांचा जोडीदार. एक वर, एक खाली, अशी त्यांनी सोळा वर्षं तालुक्यातली झाडं छाटली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आठ वर्षांपूर्वी तो याच चिंचेवरून पडून वारला. त्याची बायको, सुमनबाई, माणसांच्या मागे पदर धरून उभी होती.

तात्यांनी तिला बघितलं. मग टोपी काढली.

"फांदी मोडली न्हाई," ते म्हणाले. "शिवरामचा पाय निसटला. पाय समद्यांचाच निसटतो, त्यासाठीच दोर असतो. दोर माझ्याकडं व्हता. माझा फोन वाजला, म्हणून मी दोर पायाखाली दाबला अन् फोन घेतला. बुंध्याला दोराचा येढा बी घेतला न्हवता, न्हाईतर दोर तिथंच अडला असता. झाडानं काय केलं न्हाई. केलं ते म्या."

मला तात्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. आठ वर्षं त्यांनी आपली चूक एका मुक्या झाडाच्या नावावर ठेवली होती, आणि ते झाड पाडायची वेळ आली तेव्हाच त्यांचं तोंड उघडलं होतं.

सरपंचांनी सुमनबाईकडे बघितलं. "वैनी, तुमीच सांगा. झाडाचं काय करायचं?"

"राहू द्या," ती म्हणाली. मग माणसांतून वाट काढत तात्यांसमोर आली.

"भावजी, मला ठाव व्हतं."

तात्यांना ते समजलंच नसावं.

"तुमी तिरडीला खांदा द्याया आला, तवा तुमचे हात बघितले मी. फांदी मोडून धरलेला दोर हातातनं सुटला असता तर तळवे सोलून निघाले असते. तुमच्या हातांवर चरा बी न्हवता." तिचा आवाज चढला नाही. "मी कुणाला बोलले न्हाई. म्हटलं, सांगतील. आज येतील, उद्या येतील. तुमी तर आमच्या दारावरनं जायचा रस्ताच सोडला."

सुमनबाई वळली आणि घराच्या वाटेला लागली. थोडं पुढे जाऊन थांबली. मागे बघितलं नाही, नुसती थांबली.

तात्यांनी खांद्यावरचा दोर काढून माझ्या हातात दिला आणि तिच्या मागोमाग चालू लागले. आम्ही सहा जण चिंचेखाली उभे राहिलो, आणि मी तो दोर हातातून खाली ठेवला नाही.