घराकडे बघणारी बाई

"आली बघ! पुन्हा आली!" स्वयंपाकघरातला पडदा बोटभर सरकवून एल्डन टिबेट्स कुजबुजला.

"कोण?" पॅनकेक उलथता उलथता मर्नाने विचारलं.

"तीच, हिरव्या टोपीवाली. आपल्या घराकडे टक लावून उभी आहे. ओठ पुटपुटतायत."

"प्रार्थना करत असेल बिचारी."

"आपल्या घराकडे बघून? कोपऱ्यावरचं चर्च काय ओस पडलंय?"

एल्डनच्या धास्तीला कारण होतं. चेस्टनट रस्त्यावरची जुनी घरं म्हणजे कॉल्टन शहराचा मानाचा तुरा. गिरणीमालकांच्या काळातली, बुरुजांची, नक्षीदार ओसऱ्यांची. शहराच्या वारसा समितीला विचारल्याशिवाय तिथे कुणी दाराचा रंगही बदलत नसे. पण शिडीवर चढून रंग खरवडायचा कंटाळा आला, तेव्हा एल्डनने समितीचे लोक सुट्टीवर गेल्याची संधी साधून अख्ख्या घराला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्या ठोकल्या होत्या. त्याला वर्षं लोटली. कुणी चकार शब्द काढला नाही, आणि त्यामुळेच एल्डनला झोप लागत नव्हती. लोक गप्प आहेत म्हणजे आत काहीतरी शिजतंय, असं त्याचं ठाम मत होतं.

आता समितीकडे चुगली केली कुणी? संशय गेला तो शेजारच्या हार्लन पॉट्सवर. हार्लन पूर्वी न्हावी होता आणि रोज सकाळी कुंपणापलीकडून हसून हात हलवायचा. विनाकारण हसणारा माणूस एल्डनला कधीच पटला नव्हता.

"हार्लन, त्या बाईला तूच पाठवलंस ना?"

"कुठली बाई?"

"बघ! लगेच 'कुठली बाई'! निर्दोष माणूस आधी दचकतो."

"बरं बाबा, दचकलो. आता सांग, कुठली बाई?"

या उत्तराने एल्डनची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी त्याने नर्सरीतून वेलींच्या कुंड्या आणून दर्शनी भिंतीपुढे उभ्या केल्या. वरच्या मजल्यावर भलामोठा झेंडा सोडला. झेंडा खिडकीभरच पुरला, म्हणून दोन चादरीही वाळत घातल्या. घराकडे आधी एकच बाई बघायची, आता येणारा-जाणारा प्रत्येकजण बघू लागला.

शेवटी, बाई पुटपुटते काय हे ऐकायचंच, असं ठरवून तो दुर्बीण घेऊन स्वतःच्याच अंगणातल्या लायलॅकच्या झुडपात शिरला. समोरच्या घरातून कुणीतरी ते बघितलं आणि थोड्याच वेळात पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

"आजोबा, हात वर करून बाहेर या बरं," तरुण पोलीसबाई म्हणाली.

"अगं, मी इथेच राहतो!"

"झुडपात?"

"घरात! हिला विचार ना, ही रोज इथे काय करते ते!" एल्डनने फांद्यांतून बोट काढून रस्त्यापलीकडे रोखलं.

हिरव्या टोपीवाली घाबरत घाबरत जवळ आली. तिचं नाव ग्लेंडा ऑर्कट. जुनी घरं दाखवत लोकांना पायी फिरवायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. चारचौघांत बोलताना जीभ अडखळायची, म्हणून ती प्रत्येक घरासमोर आपलं भाषण पाठ करत होती.

एल्डनचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आमचं घर दाखवणार तुम्ही? काय सांगणार?"

"राहू द्या ना."

"अहो, लाजता कशाला? म्हणा की!"

ग्लेंडाने डोळे मिटले आणि घडाघडा म्हणून टाकलं, "आपल्या फेरीतला हा चौथा थांबा. जुन्या घराची वाट कशी लावू नये. हे सुंदर घर आज दह्याच्या रिकाम्या डब्यासारखं दिसतं."

पोलीसबाईला अचानक खोकला आला.

"मजकूर समितीचा आहे हो," ग्लेंडा घाईने म्हणाली, "दह्याचा डबा तेवढा माझा."

शनिवारी लोक आले. एल्डन पडद्याआड उभा होता. ग्लेंडा जराही अडखळली नाही. बाहेर हशा पिकला आणि तो एल्डनच्या थेट काळजात रुतला. हे घर त्याच्या आजोबांनी घेतलं होतं, वडिलांनी जन्मभर जिवापाड जपलं होतं.

सोमवारी त्याने पहार काढली. पहिली फळी उखडली आणि आत माशाच्या खवल्यांसारखी कापलेली लाकडी नक्षी दिसली. कुठे कुठे वडिलांच्या हातचा फिकट हिरवा रंग अजून चिकटून होता. एल्डन शिडीवरच थांबला. पहारीचा आवाज बंद झाला म्हणून मर्ना घाबरून बाहेर आली, तर तो त्या रंगावर हात फिरवत होता.

सगळा उन्हाळा त्याने खरवडलं, घासलं, रंगवलं. हार्लनने स्वतःची उंच शिडी आणून दिली. एल्डनने आधी त्यालाच तिच्यावर चढवून बघितलं. उखडलेल्या फळ्याही हार्लनच उचलून न्यायचा. "तुला कशाला ताप? मी लावतो त्यांची विल्हेवाट," असं म्हणायचा.

पानगळीत घर उजळून निघालं. पुढच्या फेरीच्या दिवशी एल्डन इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत बसला. मर्नाने भट्टीत ॲपल पाय भाजला. ग्लेंडा घोळका घेऊन आली, तिने हसून हात हलवला आणि ती सरळ पुढे निघून गेली.

"अहो! चौथा थांबा!" एल्डन धावत फाटकापाशी आला.

"फार छान केलंत हो घर!" ग्लेंडा चालता चालता म्हणाली. "पण आता ते बाकीच्यांसारखंच झालं. त्यात सांगण्यासारखं काही उरलं नाही."

घोळका शेजारी थांबला. परसातल्या जुन्या तबेल्याला हार्लनने वरपासून खालपर्यंत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फळ्या ठोकल्या होत्या. ग्लेंडाने दह्याचा डबा म्हणताच हशा पिकला, लोक फोटो काढू लागले, आणि हार्लन प्रत्येक फोटोत हसून हात हलवत होता.

"मर्ना, बघितलंस? म्हणून हसायचा तो, इतकी वर्षं!"

"एल्डन, बस खाली. ॲपल पाय गार होतोय."

पण एल्डन एव्हाना कुंपणावर चढला होता. "अहो, ऐका!" तो घोळक्याकडे बघून ओरडत होता. "त्या फळ्या माझ्या आहेत! माझ्या!"