बोट अडकलेली मुलाखत

सुरक्षा अधिकारी बढतीच्या मुलाखतीला अर्धा तास आधी पोचले आणि टेकताक्षणी त्यांना कळलं, आपली खुर्ची डुगडुगतेय. बारा वर्षं कारखान्यात त्यांनी असलेच धोके शोधले होते. बढती मात्र दोनदा हुकली होती. पण सवय जाईना. त्यांनी ती लोखंडी खुर्ची उलटी केली, स्क्रू पडलाय का ते भोकात बोट घालून चाचपलं, आणि बोट गेलं ते तिथलंच झालं.

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. ते खुर्ची काखोटीला मारून निघाले.

"बसायला खुर्च्या आहेत आमच्याकडे," मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे. पण ही सोडत नाहीये."

शिपायाने साबणाचं पाणी आणलं. बोट निघालं नाही, फरशी मात्र न्हाली.

"आधी फरशी पुसा, कुणीतरी पडेल," अधिकारी म्हणाले.

शिपाई फडकं आणायला वळला आणि पडला. "बरोबर होतं साहेबांचं," तो खालूनच म्हणाला.

मॅडमना राहवेना. "एवढ्याशा भोकात बोट अडकतंच कसं?" म्हणत त्यांनी शेजारच्या भोकात आपलं बोट घातलं. मग कसं अडकतं ते त्यांना कळलं.

फिटर यायला दीड तास होता. मध्ये खुर्ची, दोन बाजूंना दोघं.

"मुलाखत तरी उरकू," मॅडम म्हणाल्या. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

"इथे नसेन, एवढीच आशा आहे."

मॅडम हसल्या, खुर्ची हलली आणि दोघंही कळवळले. अधिकाऱ्यांनी मोकळ्या हाताने फाईल काढली. कोण कधी निवृत्त होणार, त्यांच्या जागी कोण येणार, नव्यांना शिकवणार कोण, सगळं तिच्यात होतं. सहा वर्षं ती वर पाठवूनही कुणी उघडली नव्हती. आज मॅडमना उठून जाता येत नव्हतं.

"चार कारखाने आणि सुरक्षेला माणसं तीन?"

"दोन. तिसरे मार्चमध्ये निवृत्त झाले."

"मला कुणी सांगितलं नाही."

"पान चार."

फिटर करवत घेऊन आला, तर मॅडम म्हणाल्या, "थांबा जरा, शेवटचं पान राहिलंय." ते वाचून त्यांनी मान हलवली. "चार नवी माणसं घ्या. तुम्हीच निवडा. मुख्य अधिकारी तुम्ही."

करवत सुरू झाली आणि बायकोचा फोन आला. शिपायाने तो अधिकाऱ्यांच्या कानाला लावला.

"खुर्ची मिळाली का हो?"

"मिळाली," ते म्हणाले. "आता कापताहेत."